सोनं वाढलं म्हणजे महामंदी येणार का?

ज्यांचा नेट पॅक संपलाय किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांना कानातलं काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना दोन-तीन आकडे मी घाईत सांगून टाकले होते, ते इथे नीट मांडलेत.

हा विषय एका व्हॉइस नोटमुळे निघाला. आपला एक श्रोता मूळचा खानापूर तालुक्यातला आहे, सांगली जिल्ह्यातला. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर काम करतो. म्हणाला, "ताई, फेब्रुवारीत बहिणीचं लग्न आहे. घरात २ लाख ४० हजारांची एफडी आहे. बाबा म्हणतात मोडू आणि सगळ्याचं सोनं घेऊन ठेवू. सोनं असं वाढतंय म्हणजे १९२९ सारखी महामंदी येणार आणि नोटांचा कागद होणार, असं सगळे रील्समध्ये सांगतायत. खरं काय ते सांगा ना." आणि मग शेवटी, जरा हळू आवाजात, "आमच्याकडे तिसरी शिफ्ट बंद झालीये."

मला ते शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. त्याच्याकडे परत येऊच. आधी भाव कुठून येतो ते बघू.

सोन्याचा भाव तुमच्या गावच्या सराफाच्या हातात नसतो. जगाच्या बाजारात तो डॉलरमध्ये आणि औंसात ठरतो. एक औंस म्हणजे साधारण ३१.१ ग्रॅम. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४,००० डॉलर ओलांडले. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. ४,००० भागिले ३१.१, म्हणजे ग्रॅमला साधारण १२८ डॉलर ६० सेंट. दहा ग्रॅमचे झाले १,२८६ डॉलर. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर १ लाख १३ हजारांच्या थोडं वर. त्यावर ६ टक्के आयात शुल्क, मग ३ टक्के जीएसटी. उत्तर १ लाख २३ हजारांच्या आसपास येतं. दुकानाच्या फळ्यावर तेव्हा साधारण हाच आकडा होता.

या गणितात दोन आकडे हलतात, सोन्याचा डॉलरमधला भाव आणि डॉलरचा रुपयातला भाव. २०११ मध्ये डॉलर ४५ ते ५० रुपयांच्या घरात होता. म्हणजे सोनं तिकडे जागचं हललं नसतं, तरी आपल्याकडे ते पावणेदोन पटीच्या आसपास महाग झालंच असतं. आपण म्हणतो सोनं चढलं. त्यात रुपया उतरल्याचा वाटाही मोठा असतो, हे विसरू नका.

मग डॉलरमध्ये ते का चढलं? एक कारण व्याजदर. सोन्याच्या वळ्याला व्याज मिळत नाही. बँकेत चांगलं व्याज मिळत असेल तर लोक सोनं कशाला धरून बसतील? व्याजदर उतरायला लागले की सोनं बरं वाटायला लागतं. पण गेल्या काही वर्षांतलं मोठं कारण वेगळं आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. बाकीच्या देशांनी ते पाहिलं. दुसऱ्याच्या चलनात, दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेला पैसा आपला राहीलच याची खात्री नाही, हे सगळ्यांना कळलं. त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपली रिझर्व्ह बँकही त्यात आहे. २०२४ मध्ये तिने ब्रिटनमध्ये ठेवलेलं १०० टन सोनं देशात परत आणलं. ज्या देशाने १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोनं परदेशात पाठवून गहाण टाकलं होतं, त्या देशाच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही.

म्हणजे भाव चढण्यामागे भीती आहे, हे खरंच. पण कसली भीती? इथे रील्सवाले दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात.

नोटांचा कागद होणं म्हणजे प्रचंड महागाई. शंभराची वस्तू दोनशेची, मग हजाराची. महामंदीत याच्या उलट घडतं. वस्तू स्वस्त होतात, पैसाच मिळेनासा होतो. कारखान्यात माल पडून राहतो, पगार बंद होतात, बँका कर्ज द्यायला घाबरतात. ज्याच्या खिशात रोकड आहे तो राजा, पण रोकड असते कुणाकडे? महागाईत सोनं तुम्हाला सांभाळतं. महामंदीत काय होतं, ते जरा थांबून बघण्यासारखं आहे.

१९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत तिथे दर चार कामगारांमागे एक बेकार होता आणि हजारो बँका बुडाल्या होत्या. सोन्याने त्याआधी इशारा दिला होता का? देऊच शकत नव्हतं. तेव्हा सोन्याचा भाव कायद्याने बांधलेला होता, औंसाला २०.६७ डॉलर. बाजारात वाढायला वावच नव्हता. उलट १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना घरातलं सोनं सरकारजमा करायला लावलं, आणि सोनं तिजोरीत आल्यावर जानेवारी १९३४ मध्ये भाव केला ३५ डॉलर. ज्यांनी गुपचूप दिलं, त्यांना जुना भाव मिळाला. मला हा प्रसंग दर वेळी सांगताना हसू येतं आणि रागही येतो.

आता आपल्याकडे या. हिंदुस्थानात मंदी आली ती शेतमालाच्या भावातून. १९२८ ते १९३४ या काळात गव्हाचा भाव निम्म्यावर आला. शेतसारा मात्र तेवढाच. सावकाराचं व्याजही तेवढंच. समजा एखाद्या शेतकऱ्याला सारा भरायला आधी दोन पोती विकावी लागत होती. आता चार. आणि चार पोती विकायला होतीच कुठे?

त्यात सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. रुपया पौंडाला बांधलेला होता, एका रुपयाला १८ पेन्स. पौंड पडला तसा रुपयाही पडला आणि सोनं रुपयात महाग झालं. एकवीस रुपयांच्या आसपास असलेला तोळा काही वर्षांत पस्तिसाच्या घरात गेला. म्हणजे महामंदी ऐन भरात आणि सोनं चढतंय, अगदी रील्समध्ये सांगतात तसं. मग ज्यांच्या घरात सोनं होतं ते श्रीमंत झाले का?

नाही झाले. त्यांनी ते विकलं. सारा भरायला, कर्ज फेडायला, बियाणं घ्यायला. बायकांच्या अंगावरचे डाग उतरले, वितळले, त्यांच्या लगडी झाल्या आणि मुंबई बंदरातून बोटींनी बाहेर गेल्या. १९३१ नंतरच्या दहाएक वर्षांत ३०० कोटी रुपयांहून जास्त किमतीचं सोनं देशाबाहेर गेलं, तेव्हाच्या रुपयात. शतकानुशतकं सोनं आत घेणारा देश अचानक सोनं पाठवणारा देश झाला. भाव चढला होता हे खरं, पण ज्याला पोटासाठी विकावं लागलं त्याच्या हातून ते गेलंच. फायदा झाला तो ज्याला विकायची गरज पडली नाही त्याला.

आपल्या मित्राला हे वेगळं सांगायला नको खरं तर. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. लोक अडचणीत आले की मोडीचं सोनं कसं येतं, हे त्याच्या घरातल्या कुणीतरी भट्टीसमोर बसून पाहिलं असणार.

हे जुनं झालं म्हणाल, तर २००८ घ्या. मार्चमध्ये सोनं १,००० डॉलरवर होतं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, सगळं जग घाबरलं. सोनं उडायला हवं होतं ना? ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते ७०० च्या आसपास आलं. कारण मोठमोठ्या फंडांनाही देणी भागवायला रोकड हवी होती, आणि पटकन विकलं जाईल असं त्यांच्याकडे सोनंच होतं. पुढे सरकारांनी पैसा ओतला, व्याजदर शून्याजवळ नेले, तेव्हा ते चढत २०११ मध्ये १,९०० ला पोचलं. ज्यांना मधली तीन वर्षं थांबता आलं, त्यांचं भलं झालं.

चांदीचं तर याहून अवघड. चांदीची निम्म्याहून जास्त मागणी कारखान्यांतून येते: सोलर पॅनल, इलेक्ट्रॉनिक्स, गाड्या. खरोखर मंदी आली तर हीच मागणी आधी आटते. २००८ मध्ये चांदी २० डॉलरवरून ९ डॉलरवर आली होती. त्याआधी १९८० मध्ये टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी साठवत भाव जानेवारीत ५० डॉलरच्या जवळ नेला. २७ मार्चला तो ११ डॉलरच्याही खाली होता. तो ५० डॉलरचा टप्पा नीट ओलांडायला चांदीला ऑक्टोबर २०२५ उजाडावं लागलं. पंचेचाळीस वर्षं! सोन्याचंही तसंच, जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलर झालेलं सोनं पुन्हा तिथे आलं २००८ मध्ये. तेव्हा 'सोनं कधी पडत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला हे दोन आकडे पाठवा. आणि २१ ऑक्टोबर २०२५ हा दिवसही आठवून द्या. आपल्याकडे लक्ष्मीपूजन चालू होतं आणि जगाच्या बाजारात सोनं एका दिवसात ५ टक्क्यांहून जास्त आपटलं.

तर आता त्या बंद झालेल्या तिसऱ्या शिफ्टकडे.

मित्रा, महामंदी येणार की नाही हे सोन्याच्या फळ्यावर लिहिलेलं नसतं. ते बघायचं तर तुझ्या कंपनीच्या गेटवर बघ. ट्रक किती सुटतायत, ओव्हरटाइम मिळतोय का, कंत्राटदार नवी पोरं घेतोय की आहेत त्यांना घरी बसवतोय. आणि समजा तुझ्या बाबांची भीती खरी ठरली, तर सगळ्यात आधी नोकरी तुझी जाईल. त्या दिवशी खोलीचं भाडं द्यायला, घरी पैसे पाठवायला तुला रोकड लागेल. सगळी एफडी सोन्यात असेल तर तू सराफाकडे जाशील, आणि तेव्हा तिथे तू एकटा नसशील.

त्यात दागिना घेतलास तर आणखी एक खड्डा. १ लाख २० हजारांच्या सोन्यावर १२ टक्के घडणावळ धरली तर १४,४०० रुपये झाले. मोडताना ते कुणी परत देत नाही. गहाण ठेवलंस तर पूर्ण किंमत हातात येत नाही, वर व्याज. ठेवायचंच असेल तर वेढणी किंवा नाणं बरं, हॉलमार्क बघून आणि पक्कं बिल घेऊन.

बहिणीच्या लग्नाला जे लागणार आहे ते वेगळं. तो खर्च आहे, त्याला गुंतवणूक म्हणू नका. फेब्रुवारीपर्यंत दोन-तीन वेळा थोडं थोडं घ्या, म्हणजे एकाच दिवसाच्या भावावर सगळं अडकणार नाही. आईची जुनी मोड असेल तर आधी ती बघा. उरलेल्या एफडीला मी तरी हात लावला नसता, निदान तुझ्या घरचा सहा महिन्यांचा खर्च तिच्यात आहे तोवर.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. त्यांनी १९९१ पाहिलंय, आपण नाही. पण हा भाग त्यांना स्पीकरवर लावून ऐकव, आणि ते काय म्हणाले त्याची व्हॉइस नोट पाठव. लग्नाचं बोलावणं आलं तर येईनच.