रांग सोडणारी माणसं

ऑगस्ट १९७१. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्र विभागाच्या तळघरात एक लुटुपुटूचा तुरुंग उभा राहिला. दिवसाला १५ डॉलर देऊन २४ तरुण निवडले गेले, आणि त्यांतल्या कुणी कैदी व्हायचं, कुणी पहारेकरी, हे निव्वळ नशिबावर सोडलं गेलं. दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्याच दिवशी गुंडाळावा लागला. पहारेकरी कैद्यांना अपरात्री उठवत, ओळीत उभं करून आपापले नंबर पुन्हा पुन्हा म्हणायला लावत, जोर काढायला लावत, घालूनपाडून बोलत. चांगल्या घरातल्या मुलांनाही सत्ता मिळाली की ती अशी वागतात, असं प्रयोगाचे सूत्रधार फिलिप झिम्बार्डो यांनी जगाला सांगितलं. पुढची कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांतून हेच शिकवलं गेलं. माणूस मुळात चांगला की वाईट, या प्रश्नाचं उत्तर जणू त्या तळघरात सापडलं होतं.

फ्रेंच संशोधक तिबो ल तेक्सिये यांनी या प्रयोगाचं जुनं दप्तर आणि ध्वनिफिती तपासल्या आणि २०१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. एका फितीत जेलरची भूमिका करणारा विद्यार्थी एका मवाळ पहारेकऱ्याच्या मागे लागला आहे, की जरा कडक हो. त्यासाठी तो कारणही देतो: या प्रयोगातून तुरुंग सुधारायला मदत होणार आहे. या मुलांकडून क्रौर्य मागून घ्यावं लागलं होतं, आणि तेही चांगल्या कामाच्या नावावर.

हा वाद तसा फार जुना. चीनमध्ये मेन्शियस माणसाला उपजतच चांगला मानत होता, तर त्याच्यानंतर आलेल्या शुन्झीच्या मते चांगुलपणा मेहनतीने कमवावा लागतो. आता दीड वर्षांच्या मुलांनाही या वादात साक्षीला बोलावलं गेलं आहे. लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी केलेले प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, आणि तो हात लांबवून धडपडत राहतो. कुणी न सांगता, खाऊचं आमिष नसताना, मूल दुडुदुडु येतं आणि चिमटा उचलून त्याच्या हातात देतं. २४ मुलांपैकी २२ मुलांनी अशा प्रसंगांत एकदा तरी मदत केली. तोच चिमटा त्या माणसाने मुद्दाम टाकला असेल, तर मात्र मुलं सहसा जागची हलत नव्हती. समोरच्याला काय हवंय हे ओळखून त्याच्या उपयोगी पडण्याची ओढ माणसात फार लवकर येते, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

पण हीच ओढ माणसाला कुठवर नेऊ शकते, हे पोलंडमधल्या युझेफूफ गावाने पाहिलं. १३ जुलै १९४२ च्या पहाटे हॅम्बुर्गहून आलेली राखीव पोलिसांची १०१ वी तुकडी तिथे पोचली. बरेचसे शिपाई चाळिशीच्या आसपासचे, घरसंसार असलेले. कुणी गोदीत काम केलेला, कुणी ट्रक चालवलेला, कुणी कारकून. मेजर विल्हेल्म ट्राप यांनी हुकूम सांगितला: कामाला धडधाकट असलेले ज्यू पुरुष बाजूला काढायचे, बाकीच्या बायका, मुलं आणि म्हातारे जंगलात नेऊन गोळ्या घालून मारायचे. आणि मग त्यांनी एक मुभा दिली, की ज्येष्ठांपैकी ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी पुढे यावं. सुमारे ५०० जणांतून दहा-बारा जण पुढे आले. त्यांना शिक्षा झाली नाही. उरलेल्यांनी त्या दिवशी सुमारे १५०० माणसं मारली.

१९६० च्या दशकात या शिपायांचे जबाब घेतले गेले. ते वाचून इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातली कारणं अंगावर काटा आणतात, कारण ती फार ओळखीची आहेत. सोबत्यांनी भेकड म्हणू नये. आपल्या वाट्याचं नकोसं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडू नये. आपल्या माणसांशी एकनिष्ठ राहण्याच्या ज्या गुणावर घर चालतं, गाव चालतं, तोच गुण त्या जंगलात बंदूक धरून उभा होता. त्यामुळे माणूस चांगला की वाईट यापेक्षा तो ‘आपली माणसं’ कुणाला म्हणतो, हे आधी विचारायला हवं.

मुंबईने याची दोन्ही टोकं अनुभवली आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अडकलेल्यांना नाव-गाव न विचारता चहा-बिस्किटं दिली, रात्री घरात घेतलं. त्याच शहरात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत नाव आधी विचारलं जात होतं. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दंगलींत ९०० माणसं मेली. त्या तापलेल्या वर्षातही सुनील गावस्कर घराखाली उतरले, एका कुटुंबाला घेरणाऱ्या जमावापुढे उभे राहिले आणि आधी मला मारा म्हणाले. ही हकीकत पुढे त्यांच्या मुलाने सांगितली. ते कुटुंब सुटलं.

असं पुढे येणं शिकवता येतं का, हा प्रश्न एर्विन स्टाउब यांनी आयुष्यभर धसास लावला. बुडापेस्टमधल्या ज्यू घरात जन्मलेले स्टाउब लहानपणी नाझींच्या तावडीतून वाचले आणि पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ झाले. त्यांच्या संशोधनाच्या आधारावर न्यू ऑर्लिन्सच्या पोलीस खात्याने एक प्रशिक्षण सुरू केलं. सहकाऱ्याचा हात एखाद्यावर उठत असेल तर त्याला वेळीच अडवायचं, आणि हे अडवणं म्हणजे दगाफटका नसून त्याची नोकरी आणि समोरच्याचा जीव वाचवणं आहे, हे तिथे प्रसंग उभे करून शिकवतात. कनिष्ठाने वरिष्ठाला कसं थांबवायचं, याचाही सराव करून घेतात.