तेंदूपानाची वाळवणी

फुलचूरला लागून असलेले गोंदिया हे विडी-उद्योगाचे जुने केंद्र होय. तेथील विडीचे वेष्टण म्हणजे तेंदूचे पान. महाराष्ट्रात साधारणतः 70 पानांचा एक पुडा बांधतात. मे महिन्यात हे पुडे फळीवर उन्हात मांडून मधून उलटतात. तथापि केवळ सुकलेले पान वळताना तडकते. म्हणून वाळलेल्या पुड्यांवर हलके पाणी शिंपडून, ते मऊ झाल्यावर पोत्यांत घट्ट भरतात व ती पोती पुन्हा सुमारे दोन दिवस उन्हात ठेवतात. खरे कौशल्य, आमच्या मते, या शिंपणीत आहे. पाणी उणे पडल्यास पानाचा चुरा होतो. अधिक झाल्यास बुरशी धरते. मांडलेल्या पुड्यांवर वळवाची सर आली, तर पानांवर डाग पडून त्यांची प्रत उतरते आणि कुटुंबाचे श्रम वाया जातात.