गुंगी आणणारी औषधे आणि मळणीयंत्रावरील माणूस

मराठवाडा-विदर्भात ऑक्टोबर महिन्यात सोयाबीनच्या मळणीची घाई असते. आभाळ भरून आले की यंत्रे रात्रीही थांबत नाहीत. याच दिवसांत धुळीने शिंका येतात, सर्दी होते, अंग दुखते. आणि एखादी गोळी घेऊन मनुष्य पुन्हा कामास उभा राहतो. दारू प्यालेल्यास यंत्राजवळ फिरकू देऊ नये, हे शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. परंतु डॉक्टरांनी दिलेल्या औषधानेही तशीच अवस्था येऊ शकते, इकडे सहसा लक्ष जात नाही.

सर्दी-खाजेच्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. त्याने पेंग येते. झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी दिली जाणारी डायझेपाम व अल्प्राझोलाम, वेदनेवरील ट्रॅमाडॉल, नसांच्या दुखण्यावरील प्रीगॅबालिन, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, यांनीही गुंगी येते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी उतरलेला असेलच असे नाही. शिवाय आपण सुस्तावलो आहोत, हे पुष्कळदा त्या मनुष्यास स्वतःला कळतच नाही. त्यावर दारू घेतल्यास प्राणावरही बेतते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा मनुष्य उपाशीपोटी राबला, तर रक्तातील साखर उतरून हात कापू लागतात व भान हरपते.

ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. शाफ्ट सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. सदऱ्याची बाही त्यात सापडली तर जागा असलेल्या मनुष्यासही हात मागे घेता येत नाही. मग डुलकी लागलेल्याची काय कथा!

यास्तव औषध घेतानाच आपण ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र चालवितो, असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. सर्दी-खाजेवर फेक्सोफेनाडिनसारखी कमी गुंगी आणणारी औषधे उपलब्ध आहेत. कधी औषधाची वेळ बदलूनही भागते. औषध नवे असेल किंवा मात्रा वाढविली असेल, तर अंगास ते कसे मानवते हे कळेपर्यंत यंत्रापासून दूर राहावे. फेफऱ्याचे किंवा रक्तदाबाचे औषध मात्र कामासाठी परस्पर बंद करू नये. तो धोका अधिक मोठा.

खरी अडचण निराळीच आहे. यंत्रावरून उतरविले तर रोज बुडेल, या भीतीने कामकरी औषधाची गोष्ट लपवितो. ही भीती यंत्रमालकासच दूर करता येईल. अशा मनुष्यास त्या दिवशी पोती मोजण्याचे किंवा हिशेब लिहिण्याचे काम त्याच मजुरीवर द्यावे. आजार कोणता, ही चौकशी करण्याचे कारण नाही; गुंगीचे औषध घेतले आहे काय, एवढेच काम सुरू करण्यापूर्वी विचारावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या बैठकीत ही प्रथा घालून द्यावी आणि बदली चालक कोण, तेही तेथेच ठरवून घ्यावे. भाड्याच्या यंत्राबरोबर येणारा चालक पुष्कळदा परगावचा व आदल्या रात्रीचा जागलेला असतो. त्यास हा प्रश्न विसरू नये.