बिडाची चूल का तडकते?

दिल्लीतील मेहरौली येथे, कुतुबमिनाराच्या आवारात, सुमारे ७ मीटर उंचीचा व सुमारे १,६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उभा आहे. त्याच्या अंगावर एक खळगा असून तो तोफेच्या गोळ्याने पडला असावा, असे मानतात. स्तंभ मात्र मोडला नाही. तापलेल्या लोखंडाचे गोळे ठोकून, सांधून तो घडविलेला आहे. तो ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा असता, तर अशा आघाताने त्याचे तुकडे होण्याचाच संभव अधिक होता.

हा भेद लाकूड जाळावयाच्या चुलीतही प्रत्ययास येतो. बिडात कार्बनचे प्रमाण बहुधा शेकडा ३ ते ४ असते. साध्या करड्या बिडात त्यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. असे बीड दाब उत्तम सोसते. परंतु ताण पडताच या पापुद्र्यांच्या कडांपासून ते फाटू लागते. पत्र्याच्या मऊ पोलादात कार्बन शेकडा पावाहूनही कमी असतो; ते तुटण्यापूर्वी वाकते.

चुलीत हा ताण येतो कोठून? १ मीटर लांबीची लोखंडी पट्टी १०० अंश सेल्सिअसने तापविली, तर ती सुमारे १ मिलिमीटरने वाढते. तापलेल्या चुलीवर थंड पाणी सांडले, म्हणजे भिजलेला भाग आकसू पाहतो व शेजारचा तप्त भाग त्यास अडवितो. या ओढाताणीत बीड तडकते. पोलाद केवळ वाकडे होते.

मग पोलादच श्रेष्ठ म्हणावे काय? तसे नाही. पातळ पत्रा वारंवार लाल होईपर्यंत तापला, की त्यावर ऑक्साइडाची खपली धरते, ती गळून पडते आणि पत्रा झिजत जातो. जाड बीड ही झीज पुष्कळ काळ सोसते व उष्णताही साठवून ठेवते. म्हणून निखारे धरणारी जाळी बिडाची व चुलीचे अंग पोलादी, ही योजना सयुक्तिक ठरते.

धुराड्याच्या बंद चुलीला पडलेली भेग क्षुल्लक समजू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू खोलीत येऊ शकतो. दिल्लीच्या हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी पेटती ठेवून निजलेल्यांचे प्राण याच वायूने घेतले आहेत. यास्तव बिडाची चूल प्रथम मंद जाळावर तापवावी, तप्त असता तिच्यावर पाणी ओतू नये आणि भेग दिसताच तो भाग बदलावा. खोलीत वारा खेळता असावा, हे तर सर्वच चुलींना लागू आहे.