हिमालय दूर, तरी किल्लारी का हादरली?

वर्गात भूकंपाचा धडा आला की मुले आम्हाला हमखास विचारतात, “हिमालय एवढा लांब, मग किल्लारीत भूकंप का झाला?” प्रश्न रास्त आहे.

आपल्या पायाखाली आधी कवच आहे. जमिनीखाली ते साधारण ३० ते ४० किलोमीटर जाड असते. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. ते घन असले तरी आतल्या उष्णतेमुळे फार संथपणे सरकते. मध्यभागी लोह-निकेलचा गाभा, बाहेरून द्रव आणि आतून घन. कवच व प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून मोठमोठे तुकडे झाले आहेत. तेच भूपट्ट.

आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकत आशियाला रेटतो. त्यातूनच हिमालय उभा राहिला. मात्र हा ताण सीमेवरच थांबत नाही, भूपट्टाच्या आतल्या कमकुवत खडकांतही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीजवळ तो मोकळा झाला. लातूर-उस्मानाबादमध्ये जवळजवळ दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे झोपेतल्या लोकांवर कोसळली.

भूपट्ट थांबवणे आपल्या हाती नाही, घर पक्के बांधणे आहे. नवे घर बांधताना दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा घ्यायला गवंड्याला सांगा. आणि मुलांच्या अंथरुणाजवळचे उंच कपाट आजच भिंतीला जखडून टाका.