अंगण, ओटा आणि सागवानी खांब

वाशीम जिल्ह्यात घराबाहेरच्या बांधकामाला दरवर्षी दोन टोकांचे ऋतू सोसावे लागतात. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो आणि लाकूड वाळून तडकते. लगेच मागोमाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक पाऊस, साधारण 800 ते 950 मिलिमीटर, कोसळून जातो. अंगणातली फरशी, दारापुढचा ओटा, विहिरीचा काठ, मंदिराच्या पायऱ्या, वाड्याच्या ओसरीचे खांब, शेतघरापुढचा लाकडी मांडव हे सारे किती वर्षे टिकणार, हे त्यांच्यावर पडलेले पाणी किती लवकर निघून जाते यावर ठरते. निगा म्हणजे आधी पाण्याचा बंदोबस्त. घासणे, धुणे, तेल, रंग ही कामे त्यानंतरची. प्रत्यक्षात क्रम उलटा लागतो: सण किंवा लग्न तोंडावर आले की रंगाचा डबा येतो, आणि तुंबलेली पन्हळ तशीच राहते.

या भागातला बांधकामाचा मूळ दगड म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी वाशीमला बांधलेले बालाजी मंदिर आणि त्याच्या तलावाच्या पायऱ्या, किंवा कारंज्याच्या जुन्या वेशी पाहिल्या की हा दगड किती चिवट आहे ते कळते. बेसॉल्ट घट्ट असतो आणि पाणी फारसे शोषत नाही. म्हणून झीज दगडापासून सुरू होत नाही, दोन दगडांमधल्या दरजांपासून होते. दरजेतला चुना झडला की पाणी आतल्या भरावात उतरते, भराव वाहू लागतो, चिरे हलतात, आणि त्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी रुजते.

पिंपळ किंवा वडाचे रोप बोटाएवढे असते तेव्हाच, पावसाळ्यात दरज ओली असताना, मुळासकट उपटून काढावे. ते मनगटाएवढे झाल्यावर ओढून काढण्याचा हट्ट धरला तर मुळासोबत चिरेही येतात. अशा वेळी बुंधा कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावतात, मूळ पूर्ण वाळू देतात आणि मगच पोकळी चुन्याने भरून घेतात. नुसते वरून छाटलेले झाड पुढच्या मृगात दुप्पट जोमाने फुटते.

दरजा भरताना सर्वाधिक नुकसान सिमेंट करते. जुने बांधकाम चुन्याचे असेल तर त्याच्या आतली ओल चुन्याच्याच वाटेने बाहेर पडत असते. सिमेंटने ती वाट बंद होते. ओल आत कोंडते आणि मग विटेतून, मऊ दगडातून किंवा गिलाव्यातून वाट काढते. सोबत क्षार येतात, पांढरा लोणा धरतो आणि पापुद्रे सुटू लागतात. दुरुस्ती करायची तर सैल झालेला भाग लाकडी किंवा बोथट हत्याराने दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढावा, धूळ झटकून पाणी शिंपडावे, आणि चांगला मुरवलेला चुना व चाळलेली वाळू यांचा घट्टसर माल थरांनी दाबून भरावा. जुने गवंडी अशा चुन्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालत. भरलेली दरज काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावी लागते. वाशीमच्या एप्रिलच्या उन्हात हे टाळले तर चुना जोर धरण्याआधीच भुसभुशीत होतो. हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत केलेले सर्वांत उत्तम.

पायऱ्यांवरचे शेवाळ आणि दगडावर धरलेले दगडफूल यांचा उपाय साधा आहे: भरपूर पाणी, नायलॉनचा ब्रश आणि चिकाटी. तारेच्या ब्रशचे लोखंडी कण दगडात अडकतात, गंजतात आणि तांबडे डाग सोडतात. बाजारात फरशी धुण्यासाठी मिळणारे आम्ल तर जुन्या बांधकामाजवळ आणूच नये. ते मळ काढते, पण चुनाही विरघळवते. वरून चकाचक दिसणारा ओटा दरजांतून पोकळ झालेला असतो. वास्तू संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय तिची दुरुस्ती करता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

नव्या घरांच्या अंगणांत आता सिमेंटचे पेव्हर ब्लॉक आले आहेत, आणि त्यांची मुख्य अडचण खालची जमीन ही आहे. वऱ्हाडातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेले ब्लॉक दोन-तीन पावसाळ्यांत कुठे खचतात, कुठे वर येतात. पायातली काळी माती काढून मुरूम थरांनी धुमसून घेणे, त्यावर 25 ते 50 मिलिमीटर वाळूचा थर देणे आणि घरापासून बाहेर दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार ठेवणे हाच पक्का उपाय. अंगण आधीच झाले असेल तर निदान कडेचे दगड घट्ट ठेवावेत. ते हलले की सगळी मांडणी पसरते. खचलेली जागा वरून सिमेंट ओतून सपाट करू नये. तेवढेच ब्लॉक उचलून खाली माल भरावा आणि तेच ब्लॉक पुन्हा बसवावेत. ही सोय हाच तर या ब्लॉकचा गुण आहे.

ब्लॉकच्या फटींत बारीक वाळू असते, तीच त्यांना एकमेकांत धरून ठेवते. जोराच्या पाण्याच्या यंत्राने अंगण धुतले तर शेवाळाबरोबर ही वाळूही उडते. यंत्र वापरायचेच असेल तर दाब कमी ठेवावा, फवारा तिरपा धरावा आणि अंगण वाळल्यावर फटींत पुन्हा कोरडी वाळू झाडून भरावी. हट्टी शेवाळावर ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी दहा-पंधरा मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुऊन टाकता येते. पण ते आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

लाकडाची बाब अधिक नाजूक आहे. कारंज्याच्या काष्ठासंघ जैन मंदिरातले लाकडी कोरीवकाम किंवा जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांचे खांब आणि तुळया पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते: टिकलेले लाकूड बहुतेक छपराखालचे आहे आणि जमिनीपासून उचललेले आहे. खांब मातीत न रोवता उथाळ्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर उभा करायचा, ही जुन्या सुतारांची रीत आजही कुठल्याही रसायनापेक्षा सरस ठरते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला अनुकूल स्थिती तयार होते. उथाळ्यावरचा खांब पावसानंतर वाळतो, मातीतला वाळत नाही. नव्या मांडवासाठीही खांब लोखंडी बुटात, जमिनीपासून चार बोटे वर बसवावा.

तपासणीची जागाही तीच, खांबाचा तळ. टोकदार स्क्रू-ड्रायव्हर हलक्या हाताने दाबून पाहावा. निरोगी सागात तो रुततच नाही. कुजलेल्या जागी सहज आत जातो. उधईच्या मातीच्या नळ्या खांबावर किंवा भिंतीवर दिसल्या तर त्या नुसत्या झाडून टाकणे पुरेसे नाही, कारण वारूळ जमिनीत शाबूत असते. पायाशेजारच्या मातीत जाणकाराकडून औषध घालून घ्यावे लागते. सागाच्या गाभ्यात मुळातच उधईला न मानवणारी द्रव्ये असतात, पण बाहेरच्या फिकट रसकाठात ती नसतात. म्हणून ‘साग आहे, त्याला काय होणार’ हा भरवसा स्वस्त सागाच्या बाबतीत महागात पडतो.

उन्हाळ्यात लाकडाला रेषांच्या दिशेने चिरा पडतात. खांबावरच्या उभ्या चिरांतून पाणी ओघळून जाते, त्यांना हात लावायचे कारण नाही. तुळईच्या किंवा कठड्याच्या वरच्या अंगाला पडलेली चीर मात्र पाणी साठवते. ती मेणासारख्या लवचीक मालाने बुजवावी. सिमेंट किंवा कडक लांबी भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगते तेव्हा ती एक तर निघून येते किंवा चीर आणखी रुंदावते.

लाकडाला तेल देण्यासाठी विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या पिकणारे जवस फार उपयोगी आहे. जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून वाळते आणि लाकडात मुरून राहते. लाकूड आधी रिठ्याच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळू द्यावे. पहिला हात थोडे टर्पेंटाइन मिसळून पातळ द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पुसून काढावे, नाहीतर चिकटा राहतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्यात उष्णता निर्माण होते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे पाण्यात बुडवावेत किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावेत. पुन्हा तेल कधी द्यायचे ते पाण्याचे चार थेंब सांगतात: लाकडावर ते मोत्यासारखे थांबले तर गरज नाही, लगेच जिरले तर वेळ झाली.

खेड्यापाड्यांत कुंपणाच्या खांबांना गाड्यांचे जळके ऑइल फासतात. ते थांबायला हवे. त्यातली घातक द्रव्ये पावसाने मातीत आणि विहिरीत उतरतात, आणि खांबही फारसा वाचत नाही. कोरीवकामावर तैलरंगाचे थरावर थर चढवणे हाही तसाच घात. रंगाखाली ओल कोंडते आणि कारागिराने काढलेली नाजूक रेघ बुजून जाते.

दरजा आणि लाकूडकाम थंडीत, तेल फाल्गुनात किंवा चैत्राच्या सकाळी, आणि पन्हळी, गटारे, अंगणाचा उतार यांची सफाई मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, असा वर्षाचा क्रम लावता येतो. वर्षभरात एकाच कामापुरता पैसा असेल, तर घरमालकांनी आणि मंदिरांच्या विश्वस्तांनी तो रंगावर घालू नये. पन्हळी आणि दरजांवर खर्च करावा.