दोन दरबारांचे वैर आणि त्याची किंमत : केल्टिक परीलोक ते पंडवानी

केल्टिक लोकपरंपरेवर उभ्या असलेल्या आधुनिक अद्भुतकादंबरीत परीलोकातील दोन प्रतिस्पर्धी दरबारांची कल्पना आता पुरती रूढ झाली आहे. एमा बुल यांच्या ‘वॉर फॉर द ओक्स’ (१९८७) या कादंबरीत सीली आणि अन्सीली दरबारांचे युद्ध एका अमेरिकन शहरात खेळले जाते. जिम बुचर यांच्या ‘समर नाइट’मध्ये (२००२) ग्रीष्म आणि शिशिर असे दोन दरबार परस्परांसमोर उभे ठाकतात. या वैराचे वाचन बहुधा सुष्ट आणि दुष्ट यांच्या संघर्षाच्या अंगाने केले जाते. मूळ परंपरेकडे पाहिले असता हे वाचन अपुरे ठरते. दरबार कोणता चांगला, यापेक्षा त्यांच्या वैराची किंमत कोण मोजतो आणि त्याला कथेत वाणी मिळते की नाही, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार छत्तीसगढमधील भिलाई परिसराच्या कथनपरंपरेच्या संदर्भात केला आहे.

‘सीली’ या स्कॉट शब्दाचा अर्थ भाग्यवान, धन्य. ‘अन्सीली’ हा त्याचा विरुद्धार्थी. तथापि स्कॉटिश लोकसमजुतीत ही विभागणी नैतिक नव्हती. सीली मानलेले जीवही अवमान झाल्यास सूड घेत, आणि त्यांचा उल्लेख ‘भले शेजारी’ अशा सावध शब्दांनीच केला जाई. मराठी वाचकाला ही भीतियुक्त आदराची भाषा अपरिचित नाही. पाणवठ्यावरच्या साती आसरांना ‘मावलाया’ म्हणतात. त्या मूल देतात आणि माणूस ओढूनही नेतात. कृपा आणि कोप यांसाठी तेथे दोन दरबार लागत नाहीत. म्हणूनच या जीवांसाठी ‘परी’ हा फारसीतून आलेला शब्द योजणाऱ्या अनुवादकाच्या हातून सौंदर्य येते, पण धाक निसटतो.

या कथांचा दुसरा विशेष म्हणजे परलोकातील वैर मर्त्य माणसावाचून निकालात निघत नाही. वेल्श ‘माबिनोगी’च्या पहिल्या शाखेत अन्नून या परलोकाचा राजा अरॉन आपला प्रतिस्पर्धी हाव्गन याच्याशी लढण्यासाठी डिव्हेडचा राजा पुईल याची मदत मागतो. दोघे वर्षभर रूपांची अदलाबदल करतात आणि वर्षाअखेरी पुईल हाव्गनला एकाच घावात पाडतो. दुसरा घाव घातल्यास शत्रू पुन्हा सबळ होतो, असा संकेत आहे. भारतीय परंपरेतही देवांना असुरांविरुद्ध मानवी योद्ध्याची गरज भासते. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त इंद्राचा सारथी मातली दुष्यंताला न्यायला येतो, महाभारताच्या वनपर्वात देवांना अजिंक्य असलेल्या निवातकवचांचा संहार अर्जुन करतो. आधुनिक कादंबरीकारांनी हे सूत्र अचूक उचलले आहे. बुल यांच्या कथेत मर्त्य नायिकेच्या उपस्थितीमुळेच परीयुद्धात मरण खरे ठरते.

मात्र प्रत्येक मर्त्य योद्धा म्हणून येत नाही. कित्येकदा तो पणाला लागतो. ‘टॅम लिन’ या स्कॉटिश पोवाड्यात परीलोकाला दर सात वर्षांनी नरकाला खंडणी द्यावी लागते आणि ती आपल्याच रूपाने दिली जाईल, अशी भीती परीराणीच्या कैदेतील माणसाला वाटते. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये ओबेरॉन आणि टायटेनिया यांच्या भांडणाने ऋतुचक्र बिघडते, नद्या फुगतात, उभे पीक कुजते. या कलहाचे कारण आहे एक भारतीय मूल. त्याची आई टायटेनियाची भक्त होती आणि ती प्रसूतीत मरण पावली. मुलाचा ताबा अखेरीस ओबेरॉनकडे जातो; नाटकात त्या मुलाला एकही वाक्य नाही.

हे नाटक छत्तीसगढच्या रंगभूमीशी प्रत्यक्ष जोडले गेले आहे. रायपूरला जन्मलेल्या हबीब तन्वीर (१९२३–२००९) यांनी १९९३ मध्ये ‘नया थिएटर’साठी ‘कामदेव का अपना, वसंत ऋतु का सपना’ या नावाने त्याचे रूपांतर केले. नया थिएटरची ओळख छत्तीसगढी नाचा परंपरेतील कलावंतांमुळे घडली होती. शीर्षकातच रूपांतराची दृष्टी दिसते. मूळ नाटकातील मोहिनी घालणाऱ्या फुलावर क्यूपिडचा बाण पडलेला आहे. त्याच्या जागी कामदेव येताच त्याचा सखा वसंत येतो आणि युरोपातील उन्हाळी रात्र भारतीय काव्यसंकेतात सामावते.

याच तन्वीरांनी ज्यांच्या गायनाची दखल घेतली, त्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. पुढे त्या भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीच्या दोन शाखा मानल्या जातात. वेदमती शाखा सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईबद्ध महाभारताचा आधार घेते. कापालिक शाखेत गायकाची स्मृती आणि उत्स्फूर्त अभिनय यांना प्राधान्य असते. स्त्रिया बसून गात. उभे राहून गाण्याची कापालिक रीत पुरुषांची मानली जाई. तीजनबाईंनी ती स्वीकारली.

पंडवानीचा विषयही दोन दरबारांचे वैर हाच आहे. कौरव आणि पांडव हे परलोकवासी नव्हेत, आणि येथे कोणताही प्रभावसंबंध सुचवायचा नाही. साम्य रचनेचे आहे. सभापर्वात दोन सभा आहेत. पहिली मयासुराने बांधलेली. तिथे दुर्योधन स्फटिकभूमीला पाणी समजतो आणि पाण्याला जमीन. परीदरबारातील दृष्टिभ्रमाशी हिचे नाते उघड आहे. त्या फजितीतून चिघळलेले वैर दुसऱ्या, द्यूताच्या सभेत द्रौपदीला पणाला लावते. येथेच ‘भारतीय मुला’च्या कथेपासून महाभारत वेगळे होते. पणाला लागलेली व्यक्तीच सभेला विचारते : जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोणता? भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेकडे बोट दाखवतात. उत्तर देत नाहीत.

द्रौपदी-चीरहरण आणि दुःशासनवध हे तीजनबाईंच्या गायनातील गाजलेले प्रसंग. त्यांच्या हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. दोन्ही दरबार एकाच देहातून बोलतात. ‘रागी’ मध्येच प्रश्न विचारून, हुंकार भरून कथेला श्रोत्यांकडे वळवतो. पुरुषांची मानलेली उभी शैली घेतलेल्या स्त्रीच्या तोंडून द्रौपदीचा प्रश्न येतो, तेव्हा तो कथेतील सभेपुरता राहत नाही; समोर बसलेले गावही त्या सभेचा भाग होते.

परीदरबारांच्या कादंबऱ्यांचा तौलनिक अभ्यास करताना ही कसोटी उपयोगी पडेल. टॅम लिनला वाचवणारी जॅनेट स्वतःच्या हिमतीने त्याला ओढून आणते. शेक्सपिअरच्या मुलासाठी कोणी बोलत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एखादी कादंबरी कोठे बसते, हे तिच्या दरबारांच्या वैभवावरून नव्हे, तर पणाला लागलेल्याला तिने दिलेल्या शब्दांवरून ठरवावे लागेल.